पाहुण्याचें नांव पाहुण्यापाशींच राहूं द्यावें

वर्धा हा आकारानें लहानसा जिल्हा. परंतु परदेशी माणसाची वर्दळ त्यास नवी नाहीं. १९३३ सालीं जपानी बौद्ध भिक्षु निचिदात्सु फुजी हे महात्माजींना भेटावयास वर्ध्यास आले. इंग्रज नौदल-अधिकाऱ्याची कन्या मॅडेलिन स्लेड, म्हणजेच मीराबेन, ह्या महात्माजींच्याहि आधीं शेगांवांत राहावयास गेल्या होत्या. १९३६ सालीं महात्माजी तेथें गेले आणि पुढें त्याच खेड्याचें सेवाग्राम झालें. १९४२ च्या जून महिन्यांत अमेरिकन पत्रकार लुई फिशर यांनीं तेथें आठवडाभर मुक्काम केला. १९९७ सालापासून वर्ध्यास महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, व तेथें परदेशांतील विद्यार्थी हिंदी शिकावयास येतात. सेवाग्रामचा आश्रम व पवनारचा विनोबांचा आश्रम पाहावयास येणारे निराळेच.

पूर्वीं असा पाहुणा आला म्हणजे त्याची निजण्याची व जेवणाची सोय लागली कीं यजमानाचें काम संपत असे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्याशीं बोलतां यावें म्हणून सेवाग्रामांत बसविलेला दूरध्वनि आजहि तेथें जपून ठेविलेला दिसतो. एवढ्या मोठ्या आश्रमास एक यंत्र पुरत असे! आतां काळ पालटला आहे. आज परदेशी विद्यार्थी स्टेशनवर उतरला म्हणजे निजण्याच्याहि आधीं त्यास भारतीय मोबाइल क्रमांक हवा असतो. त्यावांचून त्यास रिक्षा बोलावितां येत नाहीं, रेल्वेचें तिकीट काढतांना अडतें, बँकेंत खातें उघडत नाहीं, आणि घरीं आईस सुखरूप पोंचल्याचें कळवावयाचें तर दुसऱ्याचें तोंड पाहावें लागतें. ही गरज खरी आहे. आणि नेमक्या ह्याच गरजेच्या वेळीं आपल्या घरांतून एक सहृदय परंतु अविचारी गोष्ट घडते. घरांतील कोणीतरी, बहुधा कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा पाहुण्याची कींव आलेले स्वतः वडीलच, म्हणतात, "त्यांत काय एवढें? माझ्या नांवावर एक सिमकार्ड घेऊन देतों." ह्या एका वाक्याविषयींच आज आम्हांस लिहावयाचें आहे.

प्रथम सिमकार्ड ही वस्तु काय आहे, तें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण पुष्कळांची अशी समजूत असते कीं, सिमकार्ड म्हणजे टपालाच्या तिकिटासारखी दुकानांतून विकत आणावयाची वस्तु. पैसे दिले कीं आपली झाली. वस्तुतः तसें नाहीं. १९९१ सालीं म्युनिकच्या एका कारखान्यानें पहिलीं सिमकार्डें एका फिनिश कंपनीकरितां तयार केलीं, तेव्हांपासून तिचें मूळ काम एकच आहे. तें म्हणजे ओळख पटविणें. नखाएवढ्या त्या पत्रींत एक ओळख-क्रमांक आणि एक गुप्त किल्ली असते. हा ओळख-क्रमांक सामान्यतः पंधरा आंकड्यांचा असून त्याचे पहिले तीन आंकडे देश दाखवितात. भारताचे ४०४ व ४०५ हे होत. फोन चालू होतांच तो जवळच्या मनोऱ्यास आपला क्रमांक सांगतो. कंपनीचें यंत्र त्यास एक कोडें घालतें, व सिमकार्ड गुप्त किल्लीच्या साह्यानें त्याचें उत्तर देतें. उत्तर बरोबर आलें तरच वाट मोकळी होते. आपण ज्यास मोबाइल नंबर म्हणतों, तो कंपनीच्या वहींत ह्या ओळख-क्रमांकासमोर लिहिलेला असतो, आणि त्याच वहींत त्यासमोर एका माणसाचें नांव, पत्ता व छायाचित्र असतें. अर्थात् सिमकार्ड घेणें म्हणजे वस्तु विकत घेणें नव्हे, तर एका वहींत आपलें नांव घालून त्यावर सही करणें होय. पाहुण्यास आपल्या नांवावर सिमकार्ड घेऊन देणें म्हणजे कोरा कागद सही करून त्याच्या हातीं देणें.

आतां परदेशी माणसास स्वतःच्या नांवावर क्रमांक मिळतच नाहीं असें असतें, तर ह्या सहृदयतेस कांहीं निमित्त तरी राहिलें असतें. परंतु तो मिळतो. पासपोर्ट आणि चालू मुदतीचा व्हिसा हे दोन कागद त्याचे मुख्य आधार. कंपनीच्या अधिकृत दुकानांत त्यानें स्वतः गेलें पाहिजे, कारण तेथें त्याचें छायाचित्र त्याच ठिकाणीं घेतात. जुना कागदी अर्ज १ जानेवारी २०२४ पासून बंद झाला असून आतां सर्व नोंद यंत्रावरच होते. येथील राहण्याचा पत्ता सांगावा लागतो. बहुधा एक पर्यायी भारतीय क्रमांकहि विचारतात व त्यावर ओ.टी.पी. पाठवितात. येथेंच परदेशी मनुष्य अडतो. कारण क्रमांक मिळावयास क्रमांक हवा, असा तो पेंच आहे. मिळालेली जोडणी व्हिसाच्या मुदतीशीं बांधलेली असते. व्हिसा वाढला तर नवे कागद दाखवावे लागतात. भारतांत वर्षभराच्या अवधींत १८२ दिवस वास्तव्य झालेल्या परदेशी रहिवाशास आधार कार्डहि मागतां येतें. तें मिळालें कीं पुढील बरेच व्यवहार सोपे होतात.

हें सर्व लहान गांवीं थोडें कष्टाचें होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. मुंबईच्या विमानतळावरील दुकानदार दिवसाकांठीं अनेक परदेशी पासपोर्ट पाहतो; हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगांव येथील दुकानदाराच्या हातीं असा पासपोर्ट कदाचित् वर्षांत एकदांहि येत नसेल. व्हिसाचा कागद कोठून कोठपर्यंत वाचावा, नांवांतील कोणता शब्द आडनांव समजावा, ह्याचीच त्यास पंचाईत पडते. थाई किंवा चिनी नांवाची उलटापालट झाली म्हणजे यंत्र अर्ज परत करितें, आणि दुकानदार हात झटकून म्हणतो, "कोणा ओळखीच्याच्या नांवावर घ्या ना!" त्याचा सल्ला सोयीचा असतो; पण सोयीचा तो दुकानदारास, आपणांस नव्हे.

कारण कायदा ह्या बाबतींत आतां स्पष्ट झाला आहे. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानें फसवणुकीनें, तोतयेगिरीनें किंवा खोटी बतावणी करून सिमकार्ड मिळविणें हा तीन वर्षांपर्यंत कैदेस, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंडास, किंवा दोहोंसहि पात्र असा गुन्हा ठरविला आहे. विकणाऱ्या दुकानदारांची नोंदणीहि १ डिसेंबर २०२३ पासून आवश्यक झाली. पाहुण्यावर दया करणारा गृहस्थ लबाड नसतो, हें खरें. पण क्रमांक कोण वापरणार हें लपवून त्यानें सही केली, एवढें तरी त्याजकडे राहतेंच. आणि कायद्याची कलमें बाजूस ठेविलीं, तरी व्यवहाराचा धोका टळत नाहीं. तो विद्यार्थी दोन वर्षांनीं आपल्या देशीं जातो. जातांना सिमकार्ड आपल्या मित्रास देतो. मित्र तें आणखी कोणास देतो. ह्यांत कोणाचीच वाईट बुद्धि नसेल. परंतु आजकाल बनावट पोलीस बनून वृद्धांना घाबरविणाऱ्या व त्यांची पुंजी लुबाडणाऱ्या टोळ्यांना अशींच दुसऱ्यांच्या नांवावरचीं सिमकार्डें हवीं असतात. उद्यां अशा एखाद्या ठगीचा माग काढीत पोलीस निघाले, तर ते कंपनीच्या वहींत जें नांव आहे त्याच्याच दारीं येणार. त्या दिवशीं घरांतील म्हाताऱ्या माणसांच्या मनावर काय आघात होईल, तो विचार करावा. मग दुकानांत घालवावयाचे दोन तास फार वाटणार नाहींत.

येथें एक आक्षेप निघतो व तो विचारार्ह आहे. आमच्या अनेक सुशिक्षित घरांतील वडील मंडळी म्हणतात कीं, पाहुण्याकडे कागद मागणें, त्याचें छायाचित्र घेणें, त्याच्या नांवाची नोंद करणें, हाच मुळीं त्याचा अपमान आहे. अतिथीस देव मानणाऱ्या घरानें त्यास चोरासारखें वागवावें काय? वर्धा जिल्ह्यांत हा आक्षेप विशेष भारदस्त वाटतो, कारण ज्या पुरुषामुळें सेवाग्राम जगास ठाऊक झालें, त्याचा पहिला सत्याग्रह परदेशी माणसांच्या नोंदणीविरुद्धच होता. ट्रान्सवालमध्यें तेव्हां परके होते ते आपणच. १९०६ सालच्या वटहुकुमाच्या मसुद्यानें आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसास बोटांचे ठसे देऊन नोंदणीचा दाखला घेणें व पोलिसानें मागितल्यास तो दाखविणें भाग पाडावयाचें ठरविलें. त्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजीं जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरांत सभा भरून शपथ घेण्यांत आली. १६ ऑगस्ट १९०८ रोजीं तेथील हमीदिया मशिदीच्या आवारांत दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी झाली. तेव्हां नोंदणीस विरोध करणें हीच खरी सेवाग्रामची परंपरा, असें कोणी म्हटलें तर त्यास उत्तर काय?

उत्तर त्याच इतिहासांत आहे. ह्या दोन घटनांच्या मध्यें, १९०८ च्या जानेवारींत तडजोड झाली होती: सक्ति मागें घेतली जाणार असेल तर हिंदी लोक आपण होऊन नोंदणी करतील. त्या शब्दास जागून १० फेब्रुवारी रोजीं गांधीजी स्वतः नोंदणी करावयास निघाले, आणि ती करूं नये म्हणणाऱ्या मीर आलम नांवाच्या पठाणानें व त्याच्या साथीदारांनीं त्यांस रस्त्यांत बेशुद्ध होईपर्यंत मारलें. तरीहि त्यांनीं आपली नोंदणी पुरी करविली. अर्थात् त्यांचा झगडा नांव सांगण्याशीं नव्हता. एका वंशास चोर ठरवून त्याजकडून नांव वदविण्याशीं होता. सरकारनें आपला शब्द पाळला नाहीं असें दिसतांच त्याच गांधीजींनीं दाखल्यांची होळी करविली. ज्या नोंदणीचें ओझें एकाच वर्णाच्या माणसांवर पडतें ती अपमानकारक. जी यजमानास व पाहुण्यास सारखीच लागू आहे ती केवळ कटकट. आपण स्वतः सिमकार्ड घेतांना छायाचित्र देतोंच. मग पाहुण्यानें दिलें तर त्यांत त्याचा काय अपमान झाला?

आपल्या जुन्या चालीरीतींतहि ह्याचें उदाहरण आहे. आपले पणजे-खापरपणजे काशीस किंवा त्र्यंबकेश्वरास गेले, म्हणजे परक्या गांवीं त्यांस पहिला प्रश्न हाच होई कीं, आपण कोण, कोठले, कोणाचे? क्षेत्रोपाध्याय आपली वही उघडून गांव, कुळ व घराण्यांतील पूर्वजांचीं नांवें पडताळून पाहत, आणि मग यात्रेकरूची सही घेत. त्या वहींत कोणी शेजाऱ्याचें नांव आपलें म्हणून लिहून दिलें नाहीं. थोरांस अभिवादन करतांना आपण गोत्र, प्रवर व नांव उच्चारीत आलों, त्यांतहि भाव हाच कीं, समोर आलेल्या माणसानें आपली ओळख आपल्या तोंडानें द्यावी. यजमान ती ओळख ऐकून घेतो. स्वतःची उसनी देत नाहीं.

तथापि सरकारनें मागावें तेवढें निमूटपणें द्यावें, असेंहि आमचें म्हणणें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २६ सप्टेंबर २०१८ रोजीं मोबाइल क्रमांकास आधार जोडण्याची सक्ति घटनाबाह्य ठरविली, ती योग्यच ठरविली. वहीची गरज जेवढी असेल तेवढेंच तींत लिहिलें जावें, आणि ती वही चोरांच्या हातीं पडूं नये, हें पाहण्याचा हक्क नागरिकास आहे व पाहुण्यासहि असावा. दुसऱ्या बाजूनें, वही धरून ठेवणाऱ्या कंपन्यांनाहि चाप हवा. नायजेरियांत २०१५ सालीं नोंदणी अपुरी असलेलीं पन्नास लाखांहून अधिक सिमकार्डें वेळेवर बंद केलीं नाहींत म्हणून एका बड्या कंपनीस पांच अब्ज डॉलरांहून अधिक दंड ठोठावण्यांत आला होता. पुढें तो बराच कमी झाला, पण धडा राहिला.

आतां हाच प्रश्न उलट्या बाजूनें पाहूं. कारण आज आमच्या वाचकांच्या घरांपैकीं क्वचितच असें असेल कीं ज्यांतील एखादें मूल परदेशीं नाहीं. तेथें आपलीं मुलें परदेशी पाहुणीं आहेत. जर्मनींत १ जुलै २०१७ पासून आगाऊ पैसे भरून घ्यावयाच्या सिमकार्डासहि पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते. जपाननें २००५ सालींच तशा अर्थाचा कायदा केला. उलट इंग्लंडांत असें सिमकार्ड आजहि नांव न सांगतां दुकानांतून उचलतां येतें. देशोदेशींच्या रीती निरनिराळ्या. पण एक गोष्ट सर्वत्र सारखी आहे. तेथें उतरलेल्या आपल्या मुलीस घरमालकिणीनें "माझ्या नांवावर घे" असें म्हटलें, तर आपण तिला काय सांगूं? "नको ग बाई, उद्यां कांहीं झालें तर त्यांस तोशीस नको आणि तुलाहि नको," हेंच ना? जें मुलीस सांगावयाचें, तेंच पाहुण्याच्या बाबतींत आपण पाळावें.

आणि परदेशीं गेलेल्यांच्या भारतीय क्रमांकाचें काय? ह्या बाबतींत घरोघर मोठी अव्यवस्था आढळते. मुलगा जातांना आपलें सिमकार्ड आईपाशीं ठेवून जातो, बँकेचे ओ.टी.पी. त्यावर येतात, आणि रात्रीं-बेरात्रीं आई ते त्यास वाचून दाखविते. ओ.टी.पी. कोणासहि सांगूं नये, हें एका बाजूनें आपण तिला शिकवितों, आणि दुसऱ्या बाजूनें रोज सांगावयास लावितों. मग एखाद्या ठगानें मुलाच्या नांवानें विचारलें, तर ती बिचारी काय ओळखणार? शिवाय आगाऊ पैशाची जोडणी नव्वद दिवस मुळींच वापरली नाहीं व खात्यांत वीस रुपयेहि शिल्लक नसले, तर क्रमांक बंद होऊन पुढें तो भलत्याच माणसास मिळूं शकतो. म्हणजे बँकेचे निरोप परक्याच्या हातीं! ह्यावर सरळ उपाय असा कीं, बँकेस आपला परदेशी क्रमांक कळवावा. २०२३ च्या जानेवारीपासून अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात वगैरे दहा देशांतील क्रमांकांवर अनिवासी भारतीयांच्या खात्यांस यू.पी.आय. जोडण्याची मुभा झाली आहे. बँकेनें ती सोय दिली असेल तर आईस रात्रीं उठविण्याचें कारण उरत नाहीं.

ज्यांच्या मुलांनीं परदेशाचें नागरिकत्व घेतलें, त्यांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. भारतीय कायद्याप्रमाणें तसें करतांच भारतीय नागरिकत्व संपतें, ओ.सी.आय. कार्ड ही मोठी सवलत असली तरी तें नागरिकत्व नव्हे. म्हणून सुटींत वर्ध्यास आलेला आपलाच नातू सिमकार्डाच्या दुकानांत परदेशीच ठरतो. आजीस हें ऐकून वाईट वाटेल. पण जुना रद्द झालेला पासपोर्ट पुढें करून वेळ मारून नेणें हा त्यावर उपाय नव्हे. नवा पासपोर्ट व ओ.सी.आय. कार्ड घेऊन कंपनीच्या कचेरींत जावें, हें बरें.

आतां यजमानाचें कर्तव्य काय, तें थोडक्यांत सांगतों. पाहुण्यास घेऊन स्वतः दुकानांत जावें. शक्य तर जिल्ह्याच्या ठिकाणीं, कंपनीच्या मुख्य दुकानांत. पासपोर्ट, व्हिसा व त्यांच्या प्रती बरोबर असाव्यात. पासपोर्टावर नांव ज्या क्रमानें आहे त्याच क्रमानें तें यंत्रांत घातलें जातें कीं नाहीं, हें जवळ उभें राहून पाहावें. पर्यायी क्रमांक म्हणून आपला क्रमांक खुशाल द्यावा. तें आपल्या नांवानें सिमकार्ड घेण्यासारखें नव्हे. तथापि ओ.टी.पी. सांगण्यापूर्वीं तो कशाकरितां आला आहे, तें वाचून पाहावें. पाहुणा घरींच उतरला असेल, तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आंत परदेशी-नोंदणी कचेरीस ऑनलाइन कळविणें हें यजमानाचेंच काम आहे. आणि त्याचा व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असल्यास आल्यापासून चौदा दिवसांच्या आंत त्यानें स्वतःची नोंद करावयाची असते. ही जुनी व्यवस्था १९३९ व १९४६ च्या कायद्यांप्रमाणें चालत असे. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्या जागीं नवा एकच कायदा आला आहे. शेवटीं, आपल्या नांवावर किती सिमकार्डें आहेत तें सरकारच्या संचार साथी ह्या संकेतस्थळावर वर्षांतून एकदां तरी पाहावें. एका माणसास बहुतेक राज्यांत नऊच जोडण्या घेतां येतात. त्यांत अनोळखी एकहि आढळली, तर तेथेंच तक्रार नोंदवून ती बंद करवितां येते. एकत्र कुटुंबांत घरांतील सर्वांचे क्रमांक एकट्या कर्त्या पुरुषाच्या नांवावर असण्याची चाल आहे, तीहि आतां सोडावी. सुनेचा क्रमांक सुनेच्या व आजीचा आजीच्या नांवावर असावा.

आतिथ्य म्हणजे आपली वस्तु पाहुण्यास देणें, असें आपण समजतों. अन्न द्यावें, निवारा द्यावा, वेळ तर भरपूर द्यावा. दुकानाच्या दारांत त्याच्याबरोबर दोन तास उभें राहावें लागलें तर तेंहि आतिथ्यच होय. परंतु नांव ही देण्याघेण्याची वस्तु नव्हे. पाहुणा ह्या गांवांत स्वतःच्या नांवानें राहिला, स्वतःच्या नांवानें बोलला, आणि जातांना आपल्या नांवाची नोंद स्वतः बंद करून गेला, तर तो खरा सन्मानानें राहिला, असें आम्ही म्हणूं.